सावलीचा थर

मागेत सेक यांच्या स्टुडिओत
पहिले पंधरा दिवस मी फक्त कापत होते.
पासपोर्टचे चेहरे. कान दिसले पाहिजेत, दात नकोत.
माउसवरची माझी मूठ बघून ते म्हणाले,
"मासा नाही तो. सैल धर."

गेत न्दारच्या वाळूत, होड्यांमध्ये वाढलेल्या मुलीला
सैल धरणं कुणी शिकवलेलं नसतं.

मग उजेड शिकले.
पडद्यावर ते एक वेडंवाकडं टेकाड असतं,
डावीकडे काळोख, उजवीकडे पांढरं,
आणि आमच्या लोकांचं टेकाड डावीकडे सरकलेलं.
यंत्र घाबरतं. गोरं करायला धावतं.
"त्याचं ऐकू नकोस," मागेत म्हणाले,
"काळ्यात किती रंग आहेत ते आधी मोज."
मी मोजले. माझ्याच आईच्या कपाळावर
जांभळा सापडला, तांब्याचा सापडला,
आणि भुवईपाशी एक निळा,
जो इतकी वर्षं
मला भात वाढत होता.

चुकलं की मागे जायचं. दोन बोटांचं काम.
पहिल्या दिवशी मी इतकी मागे गेले
की फोटोच कोरा.

मंगळवारी पेन्दा आली, पाठीला बाळ बांधून,
फोनमध्ये दोन फोटो.
एकात आठव्या दिवशीचं बारसं:
तिचा पिवळा बुबू, अंगणात मेंढ्याचा दोर, आता नुसताच,
आणि रांगेतले लोक मुद्दाम सरकून उभे,
मधे एक माणूस मावेल इतके.
दुसऱ्यात तिचा नवरा बिराम,
अल्मेरियात, टोमॅटोच्या रांगेत,
वर प्लास्टिकचं आभाळ.
"ह्याला इथे आण," ती म्हणाली,
जशी मी होडीच हाकते.

मी त्याच्या कडेकडेने निघाले.
टोपी, कान, खांदा.
बोटांपाशी अख्खी दुपार गेली.
कोपराला टोमॅटोचं एक पान चिकटलेलं,
ते खोडावं तर कोपरही जाई.
कडा दोन पिक्सेल मऊ केली.
जास्त मऊ केली तर माणसाचं भूत होतं,
कडक ठेवली तर वर्तमानपत्रातलं कात्रण.

आणून उभा केला. मापात बसला.
शर्टाचा लाल जरा उतरवला, अंगणाचं ऊन चढवलं.
तरी उभा राहीना.
पाय टेकतच नव्हते.

मागेतनी चष्मा कपाळावर सरकवला.
"सावली कुठेय?"

मूळ फोटोत शोधली. नव्हतीच.
त्या प्लास्टिकखाली ऊन सगळीकडून सारखं येतं,
दिवसभर वाकलेल्या माणसालाही
स्वतःची सावली मिळत नाही.

मग नवा थर घेतला.
शेजारी त्याचा भाऊ उभा, त्याची मोजली:
सकाळचे दहा, किंचित डावीकडे,
टाचेपाशी गडद, पुढे सैलावत गेलेली.
तशीच ओतली. चाळीस टक्के.
पुसट वाटली. पंचावन्न.
दोरावरून गेली तिथे मोडावी लागली,
सावली दोरावर चढते, मग उतरते.
हे मागेतनी सांगितलं नव्हतं.

पेन्दाने छापलेला फोटो हातात घेतला.
चेहऱ्याकडे फारसं पाहिलंच नाही.
कोपरावर बोट ठेवलं. "हे काय?"
"पान आहे. राहून गेलं. काढते."
"असू दे."
पाचशे कमी दिले, उरलेले शुक्रवारी म्हणाली,
बाळ रडायला लागलं तशी गेली.

फाइल बंद करताना यंत्राने विचारलं,
सगळे थर एकत्र करायचे का?
मागेत नमाजाला गेले होते.
मी नाही म्हटलं.
'लेअर चार' खोडून तिथे 'बिराम' लिहिलं.
सावलीच्या थराला काय म्हणावं
ते कळेना.
तो अजून लेअर पाचच आहे.