टवका

दस्तगीर शिकलगारानं तीन राप्या आणून दिल्या
उद्यमनगरातून, जुन्या पेपरात गुंडाळून,
आणि म्हणाला, "पुष्पलता, आता तूच सांग.
हातोडा माझा, पर चामडं तुझं."

एक ट्रकच्या पाट्याची, काळी, जाड.
एक हॅक्सॉच्या मोठ्या पात्याची, भंगारातली.
आणि ही बेअरिंगच्या कड्याची:
कडं तोडून, तापवून, ठोकून सरळ केलेलं,
करडीच्या तेलात विझवलेलं,
मग पुन्हा निखाऱ्यावर, धारेला काकवीचा रंग येईस्तोवर.
"पातळ काकवी," तो म्हणाला, "गूळ व्हायच्या लई आधीची.
निळं होऊ दिलं असतं तर मऊ पडली असती."

मी वही घातली.
सासऱ्यांनी कधी लिहून ठेवलं नाही.
ते अंगठ्याच्या नखावर धार टेकवायचे:
घसरली तर दगडावर, रुतली तर कामावर.

म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरलेलं,
बोटभर जाड.
पाट्याची रापी अकरा तळ कापते, मग रुसते.
दगडावर चार हात, चामड्याच्या पट्टीवर दोन,
की पुन्हा अकरा.
तिची धार दुमडते, तुटत नाही.
उजेडात धरली की कडेला पांढरी रेघ चमकते,
लपवत नाही बिचारी.
हॅक्सॉची सव्वीस. पण वळणावर जरा तिरपी दाबली
की पात्यातून अशी कुरकुर येते
की हात आपोआप सैल पडतो.

बेअरिंगची एकोणचाळीस.
आणि तरी नखावर रुतत होती.
मी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या,
हौसावैनीला हाक मारून दाखवलं,
त्या म्हणाल्या, "बरं," आणि वेणी विणत राहिल्या.

संध्याकाळी राप्या पुसताना फडक्याचा धागा अडकला.
धारेला टवका.
नखाच्या कोरीएवढा, त्याहून लहान.
कातड्यात वाळूचा कण असेल,
किंवा जनावराच्या अंगात कधी मोडून राहिलेला काटा.
आवाज आला नव्हता. आला असेल
तर मी तेव्हा आकडे मोजत होते.

पातं माझ्या हातात. टवका कुठं?
एकोणचाळीस तळ, म्हणजे साडेएकोणीस जोड,
निम्मे शिवून झालेले, पट्टे चढलेले,
सकाळी आठला गाडी.

आमच्या चपलेत खिळा नसतो.
चामड्यानंच चामडं शिवायचं, ही सुभाषनगरची पद्धत,
तीच त्या रात्री उपयोगी पडली.
फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक काढला,
दोऱ्याला बांधला,
आणि एकेक तळ वर धरून त्याच्याखाली फिरवत गेले.
जोड, जोड, जोड. चुंबक गप्प.
हौसावैनी उजेड धरायला आल्या, तिथंच पेंगल्या.

सतराव्या जोडीत, डाव्या टाचेत,
दोन थरांच्या मधे,
दोरा किंचित तिरका झाला.
पुन्हा नेला. पुन्हा तिरका.
शिवण उसवली. तो तिथं होता,
काकवीच्या रंगाचा, वर टोक करून.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं तो तळहातावर घेतला,
चष्मा वर करून पाहिला.
"कडक राहिली," म्हणाला. "जांभळ्याकडं झुकू देतो जरा.
पर मग तीसच कापंल हं, सांगून ठेवतो."
"तीस चालतील."
"अठ्ठावीससुद्धा हुतील."
"कर."

टवका काड्यापेटीत ठेवलाय.
वहीतला एकोणचाळीस मी खोडला नाही,
खरा आकडा आहे तो, पुढं फक्त लिहिलं:
डावी टाच, सतरावी जोड.

सासऱ्यांची रापी अजून खुंटीला आहे,
झिजून झिजून करंगळीएवढी उरलेली.
कसलं लोखंड ते दस्तगीरलाही सांगता येत नाही.
तिच्या धारेला एकही दात नाही.
तिनं किती तळ कापले,
ते विचारायचं राहून गेलं.