ही बाजू वर

दिवसभर मी स्टोकच्या गल्ल्यांतून पार्सलं टाकते.
टाकते, हाच शब्द.
दीडशे दारं, पाच वाजता अंधार,
फाटकावरून, कुंडीमागे, पायरीवर,
फोटो काढायचा आणि पुढं.

मंगळवारी रात्री कचऱ्याचे निळे डबे बाहेर येतात,
तेव्हा क्लेमेंट बॅग्नल बॅटरी घेऊन निघतो.
मी जे सकाळी पोचवलं
त्याचं साल तो रात्री गोळा करतो.
चोरून नाही, दार वाजवून विचारतो.
टनिक्लिफबाईंच्या नव्या टीव्हीचा थर्माकोल
त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला,
तर त्या म्हणाल्या, अरे, टीव्ही आणणाऱ्यांनीसुद्धा टीव्ही असा धरला नव्हता.

त्याच्या स्वयंपाकघरात जेवायला जागा नाही.
टीव्हीचा कोपरा बुरूज झालाय.
अंड्यांचा ट्रे कात्रीनं कापायचा नाही, तो सांगतो,
भिजवायचा, बोटांनी कुस्करायचा,
कापलेला दगड कधी दगड वाटत नाही.
नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद
ओल्या फडक्यानं हलके सोलला
की खालून पत्र्याचं छप्पर निघतं.
रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट: स्टेशनावरचे दिवे.
टूथपेस्टचं झाकण: पाण्याची टाकी,
आणि तिला गंज चढवायला चहाचा चोथा.

थर्माकोलला आधी डिंकाचा हात.
हे तो शिकला तेव्हा एक अख्खं चर्च गेलं,
रंगाचा फवारा लागताच चरचरत विरघळलं.
ते त्यानं टाकलं नाही.
तोफेनं पडलं, असं पाहुण्यांना सांगतो.

गुरुवारी चॅपलच्या हॉलमध्ये आम्ही लढतो,
कुठल्याही नकाशात नसलेल्या त्या गावासाठी.
शिपाई करंगळीच्या पेराहून जरासा उंच.
माझी फौज नेहमीप्रमाणे संपत आलेली,
एकच हवालदार उरलेला, बुरुजाआड.
त्याला पलीकडचं दिसतं की नाही ते बघायला
मी वाकले, हनुवटी टेबलाला टेकवली,
एक डोळा मिटला,
आणि त्याच्या उंचीवरून पाहिलं.

पडक्या भिंतीची आतली बाजू. पुठ्ठा. रंग नव्हता.
लाल अक्षरं: नाजूक वस्तू. जपून हाताळा. ही बाजू वर.
बाण खाली जमिनीकडे.

क्लेम, म्हटलं, इथं रंगवायचं राहिलं.

राहिलं नाही, तो म्हणाला. आणि फासे चोळत राहिला.
मग म्हणाला, एकतीस वर्षं हा शिक्का मारला मी,
कपबशांच्या पॅकिंगला होतो,
आधी पेंढा भरायचो, मग कागद, मग हा थर्माकोल.
सोनेरी कडेचे कप सुखरूप जावेत म्हणून.
तुझ्यासारखी माणसं ते वाचत नाहीत, हे ठाऊक होतं.
तरी मारायचो.
भट्ट्या बंद झाल्या त्या दिवशी
ज्याला हवी त्यानं खोकी न्या, म्हणाले.
नेली.
आत घालायला काही नव्हतं.

तुझा डाव, तो म्हणाला.

मला पाच हवे होते. दोन पडले.
हवालदार आडवा झाला, बाणाच्या टोकापाशी,
आणि क्लेमनं त्याला उचलून
माझ्या बिस्किटांच्या डब्यात, बाकीच्या मेलेल्यांत ठेवलं.
कापसावर. तो कापूसही
कुठल्याशा औषधाच्या बाटलीतला.

शुक्रवारी, तेवीस नंबरला, पावसात,
मी एक जड खोका पायरीवर आदळला,
फोटो काढला, व्हॅनपर्यंत गेले,
आणि परत आले.
बाण शोधला. खोका सरळ केला.
वर लिहिलेलं मग नीट वाचलं:
कुत्र्याचं कोरडं खाद्य, पंधरा किलो.
त्याला काय वर आणि काय खाली.