किल्ली

नवापूर स्टेशनात, सुरतेच्या गाडीच्या खिडकीतून
साहेबाने देवळाची किल्ली हातात ठेवली
तेव्हा मी तेवीस वर्षांचा.
प्रार्थना करतानाही अडखळायचो.
गाडी सुटली. जमेल का, असं त्याने विचारलं नाही.

सुतळी पाचदा बदलली. किल्ली तीच.

होशेया गावित आता तिशीचा.
पंच कमिटीत त्याचं नाव निघालं की मला खोकला येतो.
‘पुढच्या ईस्टरला बघू, लेकरा.’
हेच ऐकून ऐकून
योना वळवी वापीच्या कारखान्यात गेला.

आज पहाटे वीज नव्हती.
कुलपाचं भोक सापडेना.
मागून मोबाइलचा उजेड पडला
माझ्या थरथरत्या बोटांवर.
होशेया. बोलला काहीच नाही,
नुसता उजेड धरून उभा.

भोक सापडलं होतं.
तरी मी चाचपडत राहिलो.