नियंत्रित गट

धोबीतलावावरून वीस दोऱ्या आणल्या,
लाकडी मुठींच्या, पावतीसकट.
पावती परिशिष्टात लावायची असते.

मानखुर्दची पालिका शाळा.
मैदान म्हणाल तर पाण्याचे टँकर वळतात तेवढी जागा.
आठवीच्या चाळीस मुली.
चिठ्ठ्या मीच टाकल्या, शिपाई हिंदळेकरांच्या टोपीत:
वीस जणींना बारा आठवडे दोरीउड्या, वर एक केळं;
उरलेल्या वीस जणींना
काहीही नाही.
त्यांना फक्त मोजायचं, आधी आणि नंतर.
"म्हणजे आम्ही नापास?" तनिष्का धोत्रेनं विचारलं.
नाही गं, म्हटलं, तुमच्यावाचून
त्यांचं पुढे जाणं सिद्धच होत नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली.
वाक्य बरोबर होतं. तिसऱ्या प्रकरणात घातलंय मी ते.

सुतारानं तेरा इंची पेटी ठोकून दिली.
चढ, उतर, चढ, उतर, मेट्रोनोमच्या टकटकीवर,
मग मनगट माझ्या बोटांत.
एकावर मेंदी, एकावर तव्याचा चटका,
एकीची नाडी सापडेचना, ती हसत सुटली,
म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.
"बाई, ही पायरी कुठंच जात नाही,"
तनिष्का म्हणाली, धाप न लागता.
तेव्हाच कळायला हवं होतं.

बारा आठवडे. त्यातले दोन परीक्षेनं खाल्ले,
एक निवडणुकीच्या कामानं;
पी.टी.च्या तासावर गणिताच्या बाईंचा डोळा कायमचाच.
तरी दोरीवाल्या मुली सुधारल्या, सूत्रात बसतील इतक्या.
आणि काहीही न दिलेल्यांत
एक ठिपका आलेखाच्या पार वर, एकटाच,
डिश अँटेनावर बसलेल्या कावळ्यासारखा.

हळदणकर सर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"हा काढून टाका. सरासरी बिघडवतोय.
मुलगी घरी काहीतरी करत असणार."

प्रश्नावली उघडली.
दैनंदिन हालचाल: खेळ, नृत्य, सायकल, चालणे, इतर.
'इतर'पुढे मी एक इंच जागा सोडली होती.
त्या इंचात, पेन्सिलीनं:
पाणी.

गेले. इमारत क्रमांक अठरा, सातवा मजला.
लिफ्टच्या दाराला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली,
म्हणजे कधीपासून बंद ते विचारायला नको.
चौथ्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले.
मी, एम.पी.एड., सुवर्णपदक.
दोन कळशा घेऊन ती मला ओलांडून गेली,
"बसा बाई, आलेच."
पंप जळाल्यापासून दिवसाला नऊ खेपा.
शिट्टी नाही, केळं नाही,
आणि ही पायरी कुठंतरी जाते.

प्रबंधात ती नाही.
नमुना संख्या एकोणचाळीस, तळटीपेत कारण:
'अनियंत्रित बाह्य घटक.'
काळ्या बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक
कलिन्याच्या कपाटात उभं आहे.
नेटकं झालंय, सर म्हणाले.

दोऱ्यांचं सांगायचं राहिलं.
मुठींचा रंग उडाल्यावर त्या दुसऱ्या वीस जणींना दिल्या,
तसा समितीचा नियमच आहे.
"आता मोजणार नाही ना?" तनिष्कानं आधी खात्री करून घेतली.
नाही.
मग टँकरच्या ओल्या चाकोरीत ती उड्या मारत राहिली,
वेड्यावाकड्या, दर तिसऱ्या उडीला पायात दोरी.
येतच नव्हत्या तिला दोरीउड्या.
तरी थांबेना.

मी खरंच मोजलं नाही.
फक्त खिशातलं घड्याळ,
सवयीनं अंगठा पडला असेल,
चेंबूर गेलं तरी
चालूच होतं.