एकतीस घरं

माझ्या कार्डावर एकतीस घरं असतात.
रोज एक घर, दोन सेडी, माझी सही.
महिना भरला की ज्याचे पैसे त्याला,
फक्त पहिलं घर माझं, पायपिटीचं.
टाकोराडीच्या बाजारात
शेंबड्या पोरालाही हा हिशोब पाठ आहे.

कुणी छपरासाठी साठवतं, कुणी शिलाई मशीनसाठी,
कुणी स्वतःच्याच मयताच्या जेवणावळीसाठी.
कादंबरीसाठी कुणी साठवल्याचं
बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आराबा एसिल्फी.
दिवसा बंदरावरच्या कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची,
रात्री स्वतःचं.
अक्राच्या प्रकाशकानं बाड परत धाडलं,
वर टाचलेली चिठ्ठी:
मासळीवाल्यांची गोष्ट वाचणार कोण?
ती चिठ्ठी मला दाखवून हसली.
"त्यांनाच विचारू या की, कोबिना.
तू तर रोज फिरतोस."

तेव्हापासून माझ्या थैलीत दोन जुड्या:
हिरवी कार्डं बचतीची, पिवळी पुस्तकाची.
शनिवारी दुपारी, बाजार जांभया देतो त्या वेळी,
ती बर्फाच्या पेटीवर बसून
एकेक प्रकरण वाचून दाखवी.

मग काय, ज्यानं पैसा टाकला त्याला तोंड फुटलं.
मासळीला धुरी देणाऱ्या बायका म्हणाल्या,
त्या नवऱ्याला बुडव.
टायरवाला म्हणाला, बुडव,
पण आधी माझी टॅक्सी येऊ दे.
पाद्रीबुवांनी तीन घरं भरली
आणि एक चुंबन खोडायला सांगितलं.
तिनं त्यांचे सहा सेडी परत केले.
म्हणजे, मला न्यायला लावले.
"पैसे कागदाचे, शाईचे," म्हणाली.
"माणसं माझी."

म्हातारी एकुवा क्वांसिमा काहीच सुचवत नसे.
तिला अक्षर येत नाही.
एकतीस घरं भरली, दुसरं कार्ड मागितलं,
तेही भरत आलं तेव्हा म्हणाली,
"एक नाव घालशील? एबो."
एबो तिचा धाकटा.
नऊ वर्षांपूर्वी होडीसकट गेला,
होडीची एक फळी तेवढी परत आली.
आराबा बराच वेळ पेन्सिल चावत राहिली.
"नाव घालीन, आई.
तो काय करील ते मला सांगता येणार नाही."

सप्टेंबरात कागद महागला.
छापखान्याच्या मालकानं सगळी रक्कम आधी मागितली.
पिवळ्या कार्डांवरची पहिली घरं, माझी,
मी घेतलीच नाहीत.
आराबाला हे अजून ठाऊक नाही.
माझ्या बायकोला आहे.

पुस्तक आलं. चारशे प्रती.
मुखपृष्ठाचा निळा जरा जांभळ्याकडे झुकलेला.
शेवटी पैसे देणाऱ्यांची यादी, एकशे त्रेसष्ट नावं,
त्यात माझं चुकीचं छापलेलं.
टायरवाल्यानं आपली टॅक्सी शोधून
पानाचा कोपरा दुमडला,
नवरा बुडाला नाही म्हणून बायका चार दिवस भांडल्या.

एकुवानं प्रत आधी नाकाशी नेली.
"आहे कुठे?"
पान चौऱ्याण्णव.
मी वाचलं: एबोनं दोर सोडला,
होडी पाण्यात ढकलली,
आणि उडी मारून आत बसला.
तिनं तीनदा वाचून घेतलं.
मग म्हणाली, पुढे.
पुढच्या पानावर तो नव्हता.
त्याच्या पुढच्याही नाही.
मी उगाचच शेवटपर्यंत पानं उलटत राहिलो,
ती माझ्या बोटांकडे बघत होती.

आराबाला बोलावलं.
खोटं बोलायला हवं होतं तिनं, असं मला वाटलं.
ती म्हणाली,
"होडी निघालेली दिसली, आई.
त्यापुढचं मला माहीत नाही."

म्हातारीनं पदरासारखी कमरेला खोचलेली गाठ सोडली.
धुराचा वास लागलेले दोन सेडी
पुस्तकावर ठेवले.
"मग बघ जाऊन."

पिवळी कार्डं संपली होती.
मी हिरव्यावरच सही केली.