गळती

कुताइसीत, बाजारामागच्या बोळात
माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान. दीड माणसाचं.
हिवाळ्यात व्लासी आला, नदीकाठचा पाववाला.
त्याच्या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्याच्या पाठीला
मोहरीएवढी फट.
दर फोटोत उजेड आत घुसायचा,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखा, बूट न काढता.
मी फटीत काळं लोकरी सूत भरलं.
पंचवीस लारी घेतले. चोख काम.

वसंतात तो परत.
काउंटरवर दोन फोटो.
जुना: बायको त्सिउरी भट्टीपुढे, हात पिठाचे,
आणि खांद्यावरून डाळिंबाच्या रसाचा ओघळ,
कान आणि अर्धी हनुवटी गिळून बसलेला.
नवा: तीच भट्टी, तीच त्सिउरी. लख्ख.
मागच्या विटा मोजून घ्याव्यात.

"यात भट्टी विझल्यासारखी वाटते," तो म्हणाला.
"माझी गळती परत दे."

मी सुई घेतली. मापून भोक पाडलं.
उजेड आला, पण सांगितलं म्हणून आलेला,
पट्टीने आखल्यासारखा.
दुसरं पाडलं. तेही शहाणं.

घर गळलं की आपण खाली पातेलं ठेवतो.
त्याचं पातेलं भरत होतं,
आणि मी छप्पर शाकारून मोकळा झालो होतो.

शेवटी दोन्ही भोकं बुजवली, सूत उपसलं.
फट तीच; माझ्या चिमट्याने जरा रुंदावलेली.
"तसाच लाल येईल असं नाही," मी बजावलं.
तो हसला, एक गरम पाव ठेवून गेला.
पंचवीस लारी द्यायचे राहिलेच.

पावाच्या एका अंगाला करपल्याचा डाग होता.
मी आधी तिथूनच मोडला.