प्रश्न क्रमांक सतरा

एका फॉर्ममागे पंचेचाळीस रुपये, उन्हाचे वेगळे नाहीत.
ऑक्टोबर. कोथरूडला, कर्वे पुतळ्याच्या अलीकडे
निळी टोपी घालून मी उभी,
हातातल्या ट्रेमध्ये विलायतेतल्या एका बेकरीचे
बोटभर तुकडे, टूथपिक खोचलेले.
मूळच्या पदार्थात डुकराचं मांस असतं;
ते बोटीतच ठेवून आलेत. आत आता पनीर.

पहिला प्रश्न मी विचारायचा, असं ठरलेलं.
पण पहिला प्रश्न लोकच विचारतात:
आत काय आहे?
मग, वरून अंडं लावलंय का? चकाकतंय म्हणून विचारलं.
मग, आज चतुर्थी आहे हो, उद्या असाल का?

ट्रेव्हरसाहेब शेजारी छत्री धरून.
त्यांच्या गावात म्हणे सकाळी सहाला रांग लागते.
धुकं, गोदीवरचे मजूर, बोटं गारठलेली,
एका हातात कागदाची गरम पिशवी
आणि माणूस खात खात कामावर पोचतो.
म्हणून प्रश्न क्रमांक नऊ:
चालता चालता खायला आवडेल का?
पिशवीतून दुधी डोकावत असलेले एक गृहस्थ
म्हणाले, आधी चालायला फुटपाथ दाखवा.
मी ‘इतर’वर खूण केली.
साहेबांना सांगितलं, विचार करतो म्हणाले.

दुपारी साहेब म्हणाले, इथली बेकरी दाखव.
रास्ता पेठेत मुनीरभाईंच्या भट्टीवर नेलं.
दिवाळी तोंडावर. बायका डबे घेऊन बसलेल्या,
मैदा, रवा, तूप, पिठीसाखर ज्याची त्याची घरची,
नानकटाई भाजून घ्यायला नंबर लावून.
मग हा विकतो काय? साहेबांनी विचारलं.
मी म्हटलं, आच.

काउंटरवर बरणीत श्रुसबेरी.
ते नाव साहेबांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं
आणि हसले. त्यांची आत्या त्या गावात शिकवायची.
तिथं ही चव कुठंच नाही, म्हणाले,
आणि अर्धा किलो बांधून घेतली.
हे नाव इथं कुणी आणलं, कुठली कंपनी, किती शाखा,
मुनीरभाईंना ठाऊक नाही.
अब्बांच्या आधीपासून आहे, एवढंच.

निघताना साहेबांनी विचारलं ते फॉर्ममध्ये नव्हतं:
संध्याकाळी उरतं, त्याचं काय करता?
पाव उरला की टोस्ट.
टोस्ट मोडला की चुरा.
चुरा कटलेटवाल्याला.
आणि चुरा उरला तर?
मुनीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं,
हा माणूस बरा आहे ना, अशा नजरेनं.
आमच्याकडे सातला सगळं टाकून देतात,
साहेब अभिमानानं म्हणाले, ताजं म्हणजे ताजं.
तेवढं वाक्य मी मराठीत आणलं नाही.

चाळीस फॉर्म झाले. अकरा तुकडे शिल्लक.
नियम असा की उरलेले नष्ट करायचे, फोटो पाठवायचा.
कचऱ्याच्या पेटीवर ट्रे धरून फोटो काढला, पाठवला,
आणि तुकडे माझ्या डब्यात.

घरी तव्यावर गरम केले.
बाबांनी एक चहात बुडवला, पनीर तळाशी गेलं.
खारीच आहे की, म्हणाले. दिवस गेलेली.
दुसरा घेतला. तिसराही.

एक्केचाळिसावा फॉर्म. घरच्या माणसाचा चालत नाही,
आडनाव आईच्या माहेरचं घातलं.
सतरा: हे दुकान आपल्या भागात सुरू झालं तर याल का?
हो, नाही, सांगता येत नाही.
बाबांनी शर्टावर पडलेले पापुद्रे बशीत झटकले,
बशी ओठांशी नेऊन तेही खाल्ले.
आधी दुसरं कुणीतरी जाऊन येऊ दे, म्हणाले.

असा रकाना नाही, बाबा.
मग आखून घे, म्हणाले. पट्टी तिथं कपाटावर आहे.